जुना आजार असताना सहल रद्द झाली तर: विमा घेण्याआधी काय तपासावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून युरोपच्या सहलीला, चारधामला किंवा अमेरिकेतल्या मुलांकडे जाणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच असतात. त्या वयात बीपीची किंवा शुगरची गोळी चालू नसलेला माणूस शोधावाच लागतो. बुकिंगच्या वेळी टूरवाले विचारतात, "इन्शुरन्स टाकू ना?" आपण हो म्हणतो, आणि सहल रद्द झालीच तर पैसे परत येतील असं मनात धरतो.

अडचण इथेच आहे. त्या पॉलिसीत सहल रद्द झाल्यास भरपाई देणारा भाग असतोही, पण तुमची सहल रद्द होण्याचं सगळ्यात संभाव्य कारण म्हणजे तुमचा जुना आजार, आणि नेमका तोच बहुतेक वेळा वगळलेला असतो. म्हणून ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी बुडू शकणारी रक्कम कमी करावी. जी रक्कम तरीही अडकते, तिच्यासाठी पॉलिसी शोधावी. आणि जुन्या आजाराबद्दल कंपनीचं उत्तर पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं.

एका पॉलिसीत वेगवेगळी कामं

प्रवास विम्याच्या जाहिरातीत ५० हजार डॉलर, एक लाख डॉलर असे आकडे मोठ्या अक्षरात असतात. ते परदेशात आजारी पडल्यावर होणाऱ्या उपचारांचे आकडे. निघण्याआधीच सहल रद्द झाली तर मिळणारी रक्कम वेगळ्या ओळीत असते आणि ती खूपच लहान असते. सहल अर्ध्यात सोडून परतावं लागलं तर त्याची ओळ आणखी वेगळी. विमानाला उशीर आणि हरवलेली बॅग यांची मर्यादाही स्वतंत्र.

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा विमा लागतो. तो आजारपण, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च यांसाठी मागतात. व्हिसा अधिकाऱ्याने ती पॉलिसी मान्य केली याचा अर्थ तिच्यात सहल रद्द होण्याची भरपाई आहे असा होत नाही. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना ४५ पैशांत मिळणारा विमा तर फक्त रेल्वे अपघाताचा. आजारी पडून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट रद्द केलं, तर त्यातून काहीही मिळत नाही.

आकड्यांत पाहू. समजा पती-पत्नीची सहल प्रत्येकी ३ लाख, मिळून ६ लाख रुपयांची आहे. टूर कंपनीच्या अटी अशा धरू: निघण्याच्या ६० दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर माणशी ५० हजारांचा अॅडव्हान्स जातो, ३० ते १६ दिवस राहिले असतील तर निम्मी रक्कम जाते, आणि १५ दिवसांच्या आत सगळीच जाते. निघायला २० दिवस असताना आजारपण आलं, तर दोघांचे मिळून ३ लाख बुडतात. पॉलिसीत रद्दीकरणाची मर्यादा माणशी १,००० डॉलर असेल आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर जास्तीत जास्त १ लाख ७० हजार मिळू शकतात. म्हणजे दावा पूर्ण मंजूर झाला तरी १ लाख ३० हजारांचा फटका बसतोच. त्यातून पॉलिसीत डिडक्टिबल असेल, म्हणजे पहिली काही रक्कम आपणच सोसायची अट असेल, तर तीही वजा होते.

यात दुसरी एक खाच आहे. आजारी पडले यजमान, आणि त्यामुळे जाणं रद्द केलं दोघांनी. बाईंच्या वाट्याचे पैसे तेव्हाच मिळतात जेव्हा त्यांच्या पॉलिसीत 'सोबतच्या जोडीदाराचं आजारपण' हे कारण लिहिलेलं असतं. दोघांच्या पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर हे आधीच तपासा. बहीण-मेहुणे असे चौघे मिळून जात असाल तर आणखी बारकाईने पाहा, कारण 'जवळचे कुटुंबीय' या व्याख्येत भावंडं आणि सासू-सासरे प्रत्येक पॉलिसीत असतातच असं नाही.

जुना आजार कशाला म्हणतात

घरच्या मेडिक्लेमचे नियम लोकांना थोडेफार माहीत असतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये ते बदलले. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार सांगितले गेले तो आजार आता जुना धरला जातो, आणि त्यासाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा दावा करता येण्याआधीचा काळ, तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. यावरून अनेकांचा समज होतो की मेडिक्लेम पाच-सात वर्षं चालू आहे म्हणजे प्रवासातही सगळं कव्हर आहे. तसं नसतं. मेडिक्लेममध्ये पूर्ण केलेली प्रतीक्षा प्रवासाच्या पॉलिसीत जमा होत नाही. पंधरा दिवसांच्या सहलीच्या पॉलिसीत प्रतीक्षेला जागाच नसते, त्यामुळे तिथे जुना आजार सरळ वगळतात किंवा मर्यादित रकमेपुरता घेतात.

प्रवासाच्या पॉलिसीत जुन्या आजाराची व्याख्या कंपनीगणिक आणि प्लॅनगणिक बदलते. कुठे ठरावीक महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार धरतात, तर कुठे पॉलिसी घेण्याआधी कधीही झालेला. कुठे निदान झालेलं नसलं तरी लक्षणं दिसत होती एवढंही पुरतं. हे तिसरं कलम सगळ्यात कडक. जिना चढताना दोन महिने धाप लागत होती, दवाखान्यात गेलो नाही, पॉलिसी घेतली आणि मग अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं, असं झालं तर कंपनी म्हणू शकते की आजार आधीचाच आहे.

वगळण्याच्या कलमात आणखी एक शब्दजोड नीट वाचायची: 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे उद्भवलेला'. शुगरचा रुग्ण अनगोळच्या रस्त्यावर दुचाकीवरून पडला आणि पाय मोडला, तर त्यात शुगरचा संबंध नाही, दावा टिकायला हवा. त्याच रुग्णाच्या पायाची जखम चिघळून सहल रद्द झाली, तर कंपनी शुगरकडे बोट दाखवणार. बीपीच्या रुग्णाला डेंग्यू झाला तर दावा भक्कम असतो, पक्षाघाताचा झटका आला तर कमकुवत. स्टेंट बसवलेल्या माणसाचं पित्ताशयाचे खडे निघाल्यामुळे ऑपरेशन ठरलं, तर हृदयाचा संबंध लावता येत नाही. पण डॉक्टरांनी 'हृदयरोग असल्याने ऑपरेशननंतर प्रवास नको' असं लिहिलं की वाद उभा राहतो. म्हणून जुना आजार वगळणारी पॉलिसीही निरुपयोगी नसते. अपघात, ताप, अचानक उद्भवलेलं अपेंडिक्स यांसाठी ती चालते. फक्त ती कशासाठी घेतली आहे हे मनात स्पष्ट हवं.

जुना आजार घेणाऱ्या पॉलिसीत सहसा तो 'स्थिर' असण्याची अट असते. आपल्या बोलण्यात स्थिर म्हणजे तब्येत बरी आहे, शुगर ताब्यात आहे. पॉलिसीच्या हिशेबात स्थिर म्हणजे ठरलेल्या मुदतीत नवी गोळी नाही, डोस बदललेला नाही, नवं लक्षण नाही, रुग्णालयात दाखल झालेलं नाही आणि कुठली तपासणी करायची राहिलेली नाही. इथे लोक हमखास फसतात. सहलीआधी एकदा दाखवून घेऊ म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर बीपीची गोळी ४० वरून ८० करतात किंवा 'एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या' असं केसपेपरवर लिहितात. तब्येत उत्तम असते, पण कागदावर डोस बदलला आणि एक तपासणी बाकी राहिली. काही पॉलिसींमध्ये डोस कमी केला तरी तो बदलच धरतात. म्हणून डॉक्टरांची नियमित तपासणी बुकिंगच्या आधी उरकावी, सुचवलेल्या तपासण्या पूर्ण करून रिपोर्ट हातात घ्यावेत आणि मगच पैसे भरावेत. विम्यासाठी तपासणी टाळावी असा याचा अर्थ मुळीच काढू नका. डोस वाढवायला हवा असेल तर तो वाढवलाच पाहिजे, सहल नंतर.

घरी राहणाऱ्या माणसाचा आजारही मोजला जातो. तुम्ही ठणठणीत आहात, पण वडगावात राहणाऱ्या ८२ वर्षांच्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे आणि त्यांची प्रकृती ढासळल्यामुळे तुम्ही थांबलात. काही पॉलिसी अशा वेळी सासूबाईंचा जुना आजारही वगळतात. घरात असं आजारपण असेल तर पहिला प्रश्न याच कलमाबद्दल विचारायचा.

'जिवावर बेतलं तर कव्हर आहे' या वाक्याचा अर्थ

विक्रेता सांगतो, "जुना आजारही कव्हर आहे, लाइफ थ्रेटनिंग असेल तर." त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ते उपचारांच्या भागाबद्दल असतं. परदेशात जुन्या आजारामुळे जिवाला धोका निर्माण झाला, तर ठरावीक मर्यादेपर्यंत तातडीचा खर्च मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. निघण्याआधी बेळगावातच छातीत दुखून सहल रद्द केली, तर हे वाक्य आपोआप लागू होत नाही. रद्दीकरणाच्या भागात जुन्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते स्वतंत्र वाचावं लागतं. पॉलिसीच्या माहितीपत्रकात तुम्हाला हवी ती ओळ सापडत नसेल तर संपूर्ण 'पॉलिसी वर्डिंग' मागा. माहितीपत्रक मराठीत हवं असेल तर तशी लेखी मागणी करा. कंपनीचं कार्यालय कर्नाटकात आहे म्हणून कानडी किंवा इंग्रजीवरच भागवलं पाहिजे असं नाही.

फॉर्ममधली एक खूण

ऑनलाइन पॉलिसी घेताना शेवटच्या पानावर एक चौकोन असतो. त्यापुढे साधारण असा मजकूर असतो: 'प्रवास करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला पूर्वीपासूनचा आजार नाही, सर्वजण प्रवासास योग्य आहेत.' एजंटने किंवा मुलाने घाईत तिथे खूण केली, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला, तुम्ही सांगितला, पॉलिसी निघाली. कायद्याच्या नजरेत ते निवेदन तुमचं.

खरी माहिती देण्याला किती वजन आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून कळतं. २००९ च्या एका निकालात मेडिक्लेम घेताना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवला होता, आणि दावा नाकारणारी कंपनी बरोबर ठरली. डिसेंबर २०२१ चा निकाल तर परदेश प्रवासाच्या पॉलिसीचाच होता. अमेरिकेला लग्नासाठी निघालेल्या गृहस्थांनी मधुमेह आहे हे सांगितलं होतं, कंपनीच्या सांगण्यावरून वैद्यकीय तपासणीही करून दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्रास सुरू झाला, हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट बसले. कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नव्हती या मुद्द्यावर कंपनीने दावा नाकारला. न्यायालयाने निकाल गृहस्थांच्या बाजूने दिला: सांगितलेला आजार तपासून पॉलिसी दिल्यावर त्याच्याकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

तेव्हा सांगायचं ते पूर्ण सांगा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून नावं लिहा. 'फक्त अर्धी गोळी', 'कोलेस्टेरॉल म्हणजे काही आजार नव्हे' असं स्वतःच ठरवून वगळू नका. थायरॉईड, दमा, जुना स्टेंट, जुनी शस्त्रक्रिया, झोपेची गोळी, सगळं. फॉर्म एजंट भरत असेल तर भरलेल्या फॉर्मची प्रत मागून वाचा. फॉर्मची भाषा येत नसेल तर मजकूर समजावून सांगितल्याची नोंद फॉर्मवर करतात. ती जागा कोरी असताना सही करू नका.

आपल्या सीमाभागात एक अडचण जास्त येते. उपचाराचे कागद दोन-तीन राज्यांत पसरलेले असतात. अँजिओप्लास्टी कोल्हापूरला, डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला, रोजच्या गोळ्या टिळकवाडीतल्या डॉक्टरांच्या, एखादी तपासणी गोव्यात. दाव्याच्या वेळी कंपनी जुने कागद मागते आणि प्रत्येक ठिकाणची तारीख जुळवून पाहते. त्यात नावं वेगळी. कर्नाटकातल्या कागदांवर बऱ्याचदा आडनाव आधी आणि पुढे आद्याक्षरं, मिरजेच्या डिस्चार्ज कार्डवर नाव-वडील-आडनाव, पासपोर्टवर तिसराच क्रम. पत्त्यातही जुन्या पासपोर्टवर बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. गाव एकच आहे हे कंपनीला सहज पटवता येतं, पण नावातला फरक दावा लांबवतो. पॉलिसी पासपोर्टवरच्या नावानेच घ्या आणि यापुढे रुग्णालयात नाव नोंदवताना तोच क्रम सांगा.

कधी घ्यावी

व्हिसाच्या फाइलला लागते म्हणून बहुतेक लोक पॉलिसी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी घेतात. उपचारांच्या भागासाठी हे चालतं, कारण तो प्रवास सुरू झाल्यावरच लागू होतो. रद्दीकरणाचा भाग मात्र पॉलिसी निघाल्यापासून प्रवास सुरू होईपर्यंतच्या काळासाठी असतो. चारधामचं बुकिंग जानेवारीत केलं, निघायचं अक्षय्य तृतीयेनंतर, आणि पॉलिसी घेतली एप्रिलमध्ये, तर मधले तीन महिने कव्हर नव्हतंच. त्या काळात डॉक्टरांनी काही सुचवलं, तर नंतर घेतलेल्या पॉलिसीसाठी ती 'आधीच माहीत असलेली गोष्ट' ठरते. ५ मार्चला डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करा आणि ८ मार्चला पॉलिसी घेतली, तर त्या कारणासाठी तिचा उपयोग शून्य.

पहिला परत न मिळणारा हप्ता भरला की त्याच आठवड्यात पॉलिसी घ्यावी. पुढे सहलीची रक्कम वाढली तर विमा कंपनीला कळवावं. मेडिक्लेमला मिळतो तसा ३० दिवसांचा फ्री लूक, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करण्याची मुदत, इथेही मिळेल असं धरून चालू नका.

ईमेलवर विचारायचे प्रश्न

फोनवरचं 'हो सर, सगळं कव्हर आहे' दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर, प्लॅनचं नाव लिहून, असं विचारा:

'माझं वय ६६ आहे. मला १२ वर्षांपासून मधुमेह आणि २०२१ पासून एक स्टेंट आहे. सध्याच्या गोळ्या व शेवटचे रिपोर्ट सोबत जोडले आहेत. निघण्यापूर्वी यांपैकी कोणत्याही आजारामुळे सहल रद्द करावी लागली तर रद्दीकरणाची भरपाई मिळेल का? मिळणार असेल तर आजार किती दिवस स्थिर असावा लागतो, आणि गोळीचा डोस बदलणं त्यात धरता का? माझ्यामुळे पत्नीची सहल रद्द झाली तर तिचे पैसे मिळतील का? माणशी मर्यादा व डिडक्टिबल किती? कृपया लागू होणारा कलम क्रमांक द्यावा.'

शेवटची ओळ गाळू नका. उत्तरात कलम क्रमांक आला की तो पॉलिसी वर्डिंगमध्ये स्वतः उघडून वाचता येतो. उत्तर 'अटी व शर्ती लागू' एवढंच आलं तर ते नकार समजा आणि दुसरी कंपनी पाहा.

पॉलिसी मिळाली नाही तर पैसे कसे वाचवायचे

हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांच्या रुग्णांना जुन्या आजारासाठी रद्दीकरणाचं कव्हर बऱ्याचदा मिळतच नाही. मिळालं तरी मर्यादा तोकडी. अशा वेळी बुकिंगच असं करायचं की बुडण्यासारखं कमी राहील, आणि माझ्या मते बीपी-शुगर असणाऱ्यांनीही हेच आधी करावं.

टूर कंपनी निवडताना दर पाहण्याआधी रद्दीकरणाचा तक्ता पाहा. दोन कंपन्यांच्या दरात १५ हजारांचा फरक असेल, पण महाग कंपनी ३० दिवस आधीपर्यंत फक्त अॅडव्हान्स कापत असेल, तर जुन्या आजाराच्या माणसाला महाग तीच स्वस्त पडते. तुमच्याऐवजी दुसऱ्या माणसाला पाठवता येईल का, किंवा रक्कम पुढच्या तुकडीला वळवता येईल का, हे लेखी विचारा. विमानाचं तिकीट निघाल्यावर नाव बदलत नाही, तेव्हा तिकीट कोणत्या तारखेला काढणार हेही विचारा. त्या तारखेपर्यंत सोय जास्त असते.

स्वतः बुकिंग करत असाल तर हॉटेल 'मोफत रद्द' प्रकारातलं घ्या आणि मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. विमानाचं स्वस्त तिकीट परत न मिळणारं असलं तरी त्यातले विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात, विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा तसा नियम आहे. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त रद्दीकरण शुल्क कंपनी घेऊ शकत नाही. अनेक लोक 'नॉन-रिफंडेबल' वाचून मागतच नाहीत. व्हिसाचं शुल्क मात्र गेलं ते गेलं. परदेश सहलीवर कापलेला टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने बुकिंगच्या वेळी वसूल केलेला आयकर, बुडत नाही. टूर कंपनी तो परत करत नसेल तर आयकर विवरणपत्रात त्याचं श्रेय मिळतं, म्हणून विमा कंपनी तो नुकसानीत धरणार नाही.

मुलं अमेरिकेत राहत असतील आणि तीच इकडे येणार असतील, तर त्यांना तिथल्या पॉलिसी मिळतात. त्यांची रचना वेगळी आहे. तिथे पॉलिसी घेण्याआधीचे साधारण ६० ते १८० दिवस मागे वळून पाहतात आणि त्या काळात आजार स्थिर होता का ते बघतात. सहलीचा पहिला हप्ता भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घेतली, परत न मिळणाऱ्या पूर्ण रकमेचा विमा उतरवला आणि त्या दिवशी प्रवासास योग्य असलात, तर जुन्या आजाराचं वगळणं माफ करणाऱ्या पॉलिसी तिथे आहेत. कुठल्याही कारणाने रद्द करण्याची सोयही जादा पैसे भरून मिळते. तिच्यात सहसा ५० ते ७५ टक्के रक्कम परत मिळते आणि बहुधा निघण्याच्या ४८ तास आधी रद्द करावं लागतं. ही सोय तिथल्या रहिवाशांसाठी. मुलीने तिकडून आई-वडिलांच्या नावाने घेतलेली 'व्हिजिटर' पॉलिसी मुख्यतः तिथल्या उपचारांची असते, तिला रद्दीकरणाची पॉलिसी समजू नका.

महामार्गाचंही एक सांगायला हवं. मुंबईहून विमान असेल आणि बेळगावहून रस्त्याने जाणार असाल, तर पावसाळ्यात एक दिवस हाताशी ठेवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात पुराने बंद पडला होता. वाटेत अडकून विमान चुकणं हे रद्दीकरण धरत नाहीत. त्याचं कलम वेगळं आणि ते सगळ्या पॉलिसींत नसतं.

वेळ आलीच तर

डॉक्टर 'जाऊ नका' म्हणाले की त्याच दिवशी हालचाल करायची. 'चार दिवस बघू, बरं वाटलं तर जाऊ' यात पैसे जातात. वरच्या उदाहरणात २० दिवस असताना रद्द केलं तर ३ लाख जात होते, सहा दिवस थांबलं तर ६ लाख. विमा कंपनी नुकसान मोजते ते जाता येणार नाही हे कळलं त्या तारखेचं, त्यामुळे थांबल्याने वाढलेला भार तुमच्यावर.

आधी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर निदान, त्रास कधी सुरू झाला, पहिल्यांदा कधी तपासलं, सहलीच्या तारखा आणि 'या काळात प्रवासास अयोग्य' हे स्पष्ट वाक्य हवं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी, आणि ती तारीख रद्द करण्याच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी. 'विश्रांतीचा सल्ला' एवढ्या दोन शब्दांवर दावे अडकतात. मग टूर कंपनीला ईमेलने रद्द केल्याचं कळवा, फोनवर नको, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्या.

डिस्चार्ज कार्डवरची पहिली ओळ घरी जाण्याआधी वाचा. तिथे 'के/सी/ओ डीएम, एचटीएन' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मधुमेह आणि बीपीचा जुना रुग्ण. ते खरंच असतं, खोडायला सांगू नका. पण आत्ताचं दुखणं डेंग्यूचं असेल आणि त्याचा मधुमेहाशी संबंध नसेल, तर डॉक्टरांना ते कारण स्वच्छ लिहायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. वर्षांचे आकडेही तपासा. ड्युटीवरचे डॉक्टर घाईत विचारतात, घरचं कुणीतरी 'असेल पंधरा वर्षं' म्हणतं, आणि फॉर्ममध्ये लिहिलेल्या बारा वर्षांशी ते जुळत नाही.

सोबत लागतात पैसे भरल्याचे पुरावे, टूर कंपनीने किती कापले आणि किती परत केले याचं पत्र, तपासणीचे रिपोर्ट आणि पासपोर्टची प्रत. टूरवाल्याला रोख रक्कम दिली असेल तर पक्की पावती नसताना तेवढी रक्कम दाव्यातून गळते. घरात मृत्यू झाल्याने सहल रद्द झाली असेल आणि दाखला फक्त कानडीत असेल, तर इंग्रजी मजकूर असलेली प्रत तेव्हाच मागून घ्या.

दावा नाकारला तर नकाराचं पत्र कलमासकट मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, सोबत आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. कर्नाटकचं लोकपाल कार्यालय बेंगळुरूला आहे. तुमचा पत्ता किंवा तक्रार ज्या शाखेविरुद्ध आहे ती शाखा, यांपैकी काहीही एक त्या लोकपालाच्या हद्दीत असलं तरी चालतं. म्हणजे निपाणीत राहून कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी घेतली असेल, तर पुण्याच्या लोकपालाकडेही तक्रार करता येते. अर्ज ऑनलाइन होतो, सुनावणी व्हिडिओवरही ठेवतात.

टूर कंपनीशी वाद असेल तर तो लोकपालाकडे चालत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग. बुकिंगच्या कागदावर 'पुणे न्यायक्षेत्र' किंवा 'मुंबई न्यायक्षेत्र' छापलेलं असतं आणि ते पाहून लोक नाद सोडतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, म्हणून बेळगावच्या जिल्हा आयोगात अर्ज करता येतो.